मुक्काम आणि मूठमाती

वाटसरूला दोन चिंता असतात. रात्री पाठ कोठे टेकायची ही पहिली, आणि वाटेतच मरण आले तर माती कोण देणार ही दुसरी. पहिली तो चारचौघांत बोलून दाखवितो. दुसरी मनात ठेवतो. एखाद्या जुन्या धर्मशाळेविषयी, सराईविषयी अथवा डाकबंगल्याविषयी 'तेथे रात्री कोणी राहू नये, तेथे काही तरी आहे' अशी वदंता असते, तेव्हा ही दुसरी चिंताच तेथे वस्तीला राहिलेली असते, असे जुनी चरित्रे व रोजनिशा चाळताना आम्हांस वारंवार वाटत आले आहे. या वाटण्याचा पडताळा पाहण्यासाठी आम्ही शिर्डीचे उदाहरण निवडले आहे. मुक्कामाच्या वास्तूचीच कबर झाली आणि तरीही जेथे कोणाला रात्रीचे भय उरले नाही, असे दुसरे गाव आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आम्हांस ठाऊक नाही.

आजची शिर्डी म्हणजे मुक्कामाचेच गाव. २००९ साली येथे 'साईनगर शिर्डी' हे रेल्वे स्थानक सुरू झाले, २०१७ साली जवळच्या काकडी येथे विमानतळ झाला, आणि भक्तनिवास व लॉज यांची तर गणतीच नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हे कोपरगाव तालुक्यातील एक लहानसे खेडे होते. मुंबईहून येणारा माणूस मनमाडला गाडी बदलून कोपरगावला उतरे, गोदावरी ओलांडून टांग्याने वाट तुडवीत गावात पोहोचे, आणि मग प्रश्न उभा राही : आता उतरायचे कोठे?

या प्रश्नाला जुन्या महाराष्ट्रात ठरलेली उत्तरे होती. गावात चावडी असे. तेथे दिवसा पाटील-कुलकर्ण्यांचा कारभार चाले, सारा गोळा होई, तंटे तुटत. आणि रात्री परका माणूस तेथेच वळकटी पसरी. देवळाचा सभामंडप, मारुतीचा पार, मठ, मशिदीचा ओटा ही देखील मुक्कामाचीच ठिकाणे. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात गोदातीरी फिरले तेव्हा ते देवळांत आणि मठांत उतरत. महानुभाव पंथाने त्यांच्या वस्तीच्या जागा इतक्या आस्थेने जपल्या की, त्यांची नोंद करणारी 'स्थानपोथी' नावाची स्वतंत्र पोथीच निर्माण झाली. पुढे अठराव्या शतकात आमच्याच जिल्ह्यातील चौंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकर यांनी देशभरच्या तीर्थमार्गांवर धर्मशाळा, विहिरी व घाट बांधले. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले, ते एका अर्थाने वाटसरूच्या यजमानीणबाईंचेच नाव होय.

परंतु धर्मशाळा बांधणे सोपे, ती जागती ठेवणे कठीण. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि बैलगाडीच्या वाटेवरच्या मुक्कामांची गरज मंदावली. १८७६ ते १८७८ हा दुष्काळाचा काळ. १८९६ नंतर प्लेग आला. १८९९-१९०० साली पुन्हा दुष्काळ पडला. वाटेवर माणसे मेली, आणि पुष्कळांना नाव विचारणारेही कोणी जवळ नव्हते. ज्या वास्तूत दिवा लावणारा उरला नाही आणि ज्या वास्तूच्या आसपास बेनाव माणसे मातीआड झाली, तेथे लोकांच्या बोलण्यात भूत शिरले तर नवल कसले?

आपल्या लोककथांतील भुतांची नामावळी पाहिली तरी हेच दिसते. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वी जो मुलगा गेला तो मुंज्या. बाळंतपणात जी गेली ती हडळ. ज्याची इच्छा अपुरी राहिली तो समंध. चकवा तर खास वाटसरूंचा. तो माणसाला रात्रभर एकाच शेताभोवती फिरवितो आणि मुक्कामाला पोहोचू देत नाही. ही सारी अर्ध्या वाटेवर राहिलेली माणसे आहेत. समाजाने त्यांचे काही तरी देणे बुडविले आहे, असे त्या कथांतून समाजच कबूल करतो.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची आहे असेही नाही. रोमन लेखक धाकटा प्लिनी याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी सूरा नावाच्या आपल्या मित्राला लिहिलेल्या एका पत्रात अथेन्समधील एका घराची हकिकत दिली आहे. घर मोठे, पण रात्री साखळदंडांचा आवाज येई आणि एक हडकुळा म्हातारा दिसे. म्हणून ते ओस पडले होते. अथेनोडोरस नावाच्या तत्त्ववेत्त्याने भाडे संशयास्पद रीतीने कमी आहे हे पाहूनच ते घेतले. रात्री तो दिवा, पाटी व लेखणी घेऊन लिहीत बसला. म्हातारा आला, त्याने बोटाने खुणावले. तेव्हा या गृहस्थाने 'थोडे थांब' अशी हातानेच खूण केली आणि लिखाण चालू ठेवले. पुढे तो दिवा घेऊन त्याच्यामागे अंगणात गेला, म्हातारा दिसेनासा झाला त्या जागी त्याने पानांची खूण केली, आणि दुसऱ्या दिवशी नगराधिकाऱ्यांकरवी ती जागा खणविली. साखळदंडात अडकलेली हाडे निघाली. त्यांना रीतसर मूठमाती मिळाली आणि घर शांत झाले.

ख्रिस्ती परंपरेत हीच कथा एका बिशपांच्या चरित्रात येते, आणि तेथे ती खऱ्या अर्थाने मुक्कामाची कथा आहे. पाचव्या शतकात गॉल देशी, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, ऑसेर नगराचे बिशप संत जर्मानुस होऊन गेले. त्यांचे चरित्र कॉन्स्टान्शियुस नावाच्या धर्मगुरूंनी त्याच शतकाच्या उत्तरार्धात लिहिले. हिवाळ्याच्या दिवसांत प्रवासात थकलेल्या जर्मानुसांना संध्याकाळ झाली. जवळ एक घर होते. छप्पर अर्धे कोसळलेले, भोवती झाडझाडोरा माजलेला. गावच्या म्हाताऱ्यांनी बजावले, तेथे राहू नका. बिशप महाशय तेथेच उतरले. थकव्याने त्यांचा डोळा लागला, आणि सोबतचा वाचक पोथी वाचत बसला असता त्याच्यापुढे एक आकृती उभी राहिली, भिंतींवर दगड आदळू लागले. जर्मानुसांनी उठून ख्रिस्ताच्या नावाने तिला विचारले, 'तू कोण?' उत्तर मिळाले की, आम्ही दोघे गुन्हेगार. आम्हांला कोणी पुरले नाही. आमच्या विसाव्यासाठी देवाकडे विनंती करा. सकाळी ढिगारा उपसला तेव्हा साखळदंडासहित सांगाडे सापडले. बिशप महाशयांनी साखळ्या सोडविल्या, हाडे वस्त्रात गुंडाळली, खड्डा खणून प्रार्थनेसहित दफन केले. चरित्रकार पुढे सांगतो की, त्या घरात पुन्हा माणसे सुखाने नांदू लागली.

या कथेतील एक बारकावा आम्हांस मोलाचा वाटतो. मेलेली माणसे सज्जन नव्हती. ते त्यांनी स्वतःच कबूल केले. जर्मानुसांनी त्यांच्या गुन्ह्यांचा हिशेब मागितला नाही. माती देण्यासाठी मृताची लायकी पाहावी लागत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

प्रत्येक भुताच्या मुक्कामाचा उलगडा असाच गंभीर असतो असे मात्र नाही. पोप संत महान ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'संवाद' या ग्रंथात मिलानचे बिशप दातियुस यांची गोष्ट आहे. कॉन्स्टँटिनोपलला जाताना ते कोरिंथ येथे एका ओस घरात उतरले. मध्यरात्री सिंहाची गर्जना, गाढवाचे ओरडणे, डुकराचे व उंदराचे चीत्कार ऐकू आले. दातियुसांनी सैतानालाच सुनावले की, देवासारखे व्हायला निघालास आणि डुकरा-उंदरांसारखा झालास, हे तुला शोभतेच! घर त्या रात्रीपासून निवांत झाले. आणि आपल्या देशातील डाकबंगल्यांविषयी रुडयार्ड किपलिंग यांची १८८८ मधील एक कथा प्रसिद्ध आहे. तीत निवेदकाला रात्री शेजारच्या खोलीत बिलियर्डचे चेंडू आदळताना ऐकू येतात, आणि सकाळी उलगडते की एक उंदीर आणि खिडकीची एक सैल चौकट एवढाच तो सारा खेळ होता. जेथे कोणाचे देणे बुडालेले नसते, तेथे भुताचा शेवट हसण्यात होतो.

या पार्श्वभूमीवर शिर्डीकडे वळावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावात एक फकीर येऊन राहिला. त्याचे गाव, कूळ, जात, जन्मनाव कोणालाही कळले नाही. खंडोबाचे पुजारी म्हाळसापती सोनार यांनी त्याला 'साई' म्हणून हाक मारली, तेच नाव चिकटले. तो आधी कडुनिंबाखाली राही. पुढे गावातील एका पडक्या मशिदीत राहू लागला. गोविंद रघुनाथ दाभोळकर तथा हेमाडपंत यांनी लिहिलेल्या 'श्रीसाईसच्चरित' या त्रेपन्न अध्यायांच्या ओवीबद्ध चरित्रात त्या मशिदीचे वर्णन येते : जमीन खड्ड्यांची, छप्पर गळके, भिंती खचलेल्या. ऑसेरच्या बिशपांना मिळालेले घर याहून फारसे वेगळे नसावे.

त्या पडक्या वास्तूत फकिराने दोन गोष्टी केल्या. अखंड पेटती धुनी ठेवली आणि रात्री पणत्या लावल्या. वाण्यांनी तेल नाकारल्यावर पाण्याने पणत्या पेटल्या ही भक्तांची श्रद्धा आहे. इतिहासकाराला एवढे पुरे की, जेथे अंधार होता तेथे रोज दिवा लागू लागला. आणि तेथे तो एकटा झोपत नसे. म्हाळसापती आणि गावचे तात्या कोते पाटील हे दोघे त्याच्या सोबतीला असत. तिघांची डोकी तीन दिशांना आणि पाय मध्ये एकमेकांना लागलेले, अशी त्यांची निजण्याची रीत होती. तात्या अशा रीतीने चौदा वर्षे तेथे निजले. वडील वारल्यावर घरची जबाबदारी आली तेव्हाच ते घरी झोपू लागले. हिंदू सोनार, मराठा पाटील आणि ज्याचा धर्म कोणी सांगू शकत नव्हते असा फकीर, हे रात्री एका मशिदीत पायाला पाय लावून झोपतात, हे चित्र आम्हांस कोणत्याही चमत्काराहून अधिक बोलके वाटते.

रात्री तेथे शांतता असे असेही नाही. एक रोहिला काही काळ मुक्कामास होता; तो रात्रंदिवस उच्च स्वराने कुराणातील वचने म्हणे. दिवसभर शेतात राबलेल्या गावकऱ्यांची झोप मोडली. ते तक्रार घेऊन आले तेव्हा साईबाबांनी रोहिल्याचीच बाजू घेतली. पुढे भक्तांनी मशिदीची दुरुस्ती काढली तेव्हा कामही रात्रीच करावे लागे, कारण बाबा ज्या रात्री चावडीत निजत त्याच रात्री फरशी बसविणे शक्य होई. सभामंडपाच्या कामात रात्री रोवलेले खांब सकाळी येऊन बाबा रागाने उपटून टाकीत, अशीही हकिकत आहे. एखादा परगावचा वाटसरू मध्यरात्री त्या बाजूने गेला असता आणि रिकाम्या मशिदीतून घणांचे आवाज त्याने ऐकले असते, तर त्याने पुढच्या गावी जाऊन कोणती गोष्ट सांगितली असती, याची कल्पना वाचकांनीच करावी.

चावडीची प्रथा पुढे पडली. एका मुसळधार पावसाच्या रात्री भक्तांनी बाबांना गळक्या मशिदीतून चावडीत आणले, आणि तेव्हापासून ते एक रात्र येथे व एक रात्र तेथे निजू लागले, असे सांगतात. १० डिसेंबर १९०९ पासून चावडीत नियमाने पूजा होऊ लागली. गावचा परका माणूस जेथे उतरायचा, त्याच जागी हा कायमचा परका माणूस एका आड एका रात्री उतरत राहिला.

याच सुमारास येणाऱ्यांची संख्या वाढली आणि उतरण्यासाठी वाडे झाले. हरि विनायक साठे यांनी १९०८ साली बांधलेला वाडा त्यांत पहिला. मुंबईचे सॉलिसिटर हरि सीताराम तथा काकासाहेब दीक्षित यांच्या वाड्याचा पाया डिसेंबर १९१० मध्ये घातला गेला आणि १९११ च्या रामनवमीला तो राहता झाला. लोकमान्य टिळकांचे सहकारी, अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे हे डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ एवढा काळ शिर्डीत राहिले. त्यांच्या रोजनिशीत पहाटेची काकड आरती, दुपारचे वाचन, आल्यागेल्यांच्या भेटी यांची साधी नोंद आहे. परतण्यासाठी बाबांची परवानगी लागे, ती लांबत जाई. पाहुण्याला किती दिवस ठेवायचे हे यजमान ठरवी.

साठेवाड्याजवळच्या कडुनिंबाखाली एक भुयार आहे अशी गावात समजूत होती. कोणाच्या अंगात खंडोबा आला, त्याने तेथे खणावयास सांगितले, विटा निघाल्या, आत समया तेवताना दिसल्या, अशी कथा सच्चरितात आहे. दुसऱ्या एखाद्या गावी अशा झाडाखालून संध्याकाळनंतर कोणी गेले नसते. येथे साईबाबांनी 'हे माझ्या गुरूचे स्थान, ते जपा' असे सांगितले आणि भयाची जागा आदराने घेतली. कबरीला मालक मिळाला की ती भीतीची राहत नाही.

मृत्यूचा प्रसंग शिर्डीच्या मुक्कामात पहिल्यांदा १८८६ साली आला. मार्गशीर्षातील पौर्णिमेला दम्याने हैराण झालेल्या बाबांनी म्हाळसापतींना सांगितले की, तीन दिवस हे शरीर राखा. न परतलो तर त्या मोकळ्या जागेत पुरा आणि खुणेसाठी दोन निशाणे लावा. रात्री श्वास थांबला. गावकरी व अधिकारी जमले, पंचनाम्याची भाषा झाली, दफनाचे ठरले. म्हाळसापतींनी ते डोके मांडीवरून खाली ठेवू दिले नाही. तीन दिवसांनी श्वास परतला असे चरित्र सांगते. त्यावर कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो. एका बेनाव परक्याचे प्रेत समजून सारे गाव निर्णय घेत असता एका गरीब सोनाराने त्याच्याजवळ तीन रात्री जागून काढल्या, एवढे आम्हांस पुरेसे आहे.

खरा मृत्यू १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, दसऱ्याच्या दुपारी आला. ते इन्फ्लुएंझाच्या साथीचे दिवस होते. मुंबई इलाख्यात लक्षावधी माणसे त्या साथीत मेली. अशा काळात एखाद्या फकिराला घाईने कोठेही पुरले असते तर कोणी बोट दाखविले नसते. शिर्डीत नेमके उलटे घडले. गावात छत्तीस तास वाद चालला. काहींचे म्हणणे उघड्या जागेत दफन करून वर कबर बांधावी; गावचे अधिकारी रामचंद्र पाटील व त्यांच्या बाजूचे लोक म्हणत की, वाड्यातच ठेवावे. कोपरगावचे मामलेदार आले. लोकांची मते घेतली गेली. वाड्याच्या बाजूने दुप्पट मते पडली. प्रकरण नगरला कलेक्टरकडे न्यावे अशी भाषा झाली, काकासाहेब दीक्षित निघण्याच्या तयारीस लागले, तेव्हा दुसऱ्या पक्षाने मान्यता दिली. बुधवारी सायंकाळी दफन झाले.

हा वाडा कोणता? नागपूरचे धनाढ्य बापूसाहेब बुट्टी आणि शिर्डीचे माधवराव देशपांडे हे दोघे एका रात्री दीक्षितवाड्यात निजले असता दोघांनाही एकच स्वप्न पडले, देऊळ असलेला वाडा बांधा, आणि त्यातून तो दगडी वाडा उभा राहिला, असे सच्चरितात आहे. राहण्यासाठी बांधलेल्या त्या वाड्यात मध्यभागी मुरलीधराची मूर्ती बसवावयाची होती. त्या जागी फकिराची समाधी झाली. एका मुक्कामाच्या घरात एका परक्याला माती मिळाली. आज त्याच्या अवतीभवती हजारो माणसे रात्र काढतात. पण शिर्डीच्या समाधीला भुताची वदंता चिकटल्याचे आम्ही कधी ऐकलेले नाही. आम्ही तेथे एकदा मुक्कामास असताना लॉजच्या म्हाताऱ्या रखवालदाराला सहज विचारले, 'काय हो काका, एवढी जुनी जागा, रात्री कधी काही दिसते का?' तो म्हणाला, 'साहेब, इथं झोपायला जागा मिळत नाही माणसांनाच!'

त्याच्या उत्तरात आमच्या साऱ्या शोधाचा सारांश आहे. जेथे माणसे आहेत, दिवा आहे आणि मृताला जागा दिली आहे, तेथे भयाला जागा उरत नाही. साईभक्तांची श्रद्धा ती त्यांची. आमची वाट निराळी आहे. परंतु एका खेड्याने बेनाव परक्याच्या अंतिम मुक्कामासाठी छत्तीस तास खर्च केले, ही माणुसकीची गोष्ट आहे, आणि तिच्यापुढे नतमस्तक होण्यास कोणत्याही श्रद्धेची आडकाठी नसावी.

आपल्या शुभवर्तमानातही दोन उतारशाळा आहेत. बेथलेहेम येथे पवित्र कुटुंबाला जागा मिळाली नाही ती एक. आणि दयाळू शोमरोन्याने वाटेत अर्धमेला पडलेल्या परक्याला जेथे नेले व दोन दिनार देऊन ज्याची सोय लावली ती दुसरी. मेलेल्यांना पुरणे हे ख्रिस्तसभेने शारीरिक दयेच्या सात कृत्यांत गणले आहे. मृतांना बोलावून त्यांच्याशी संभाषण करू पाहणे ती निषिद्ध मानते. मृतांसाठी प्रार्थना करणे मात्र ती आपले कर्तव्य समजते. संत जर्मानुसांनी त्या पडक्या घरात जे केले, त्यात हा सारा धर्म आला.

आज आपल्या धर्मग्रामांपुढे हा प्रश्न निराळ्या रूपात उभा आहे. नगर-मनमाड रस्त्यावर वाहनांखाली सापडून माणसे मरतात. उसाच्या फडावर दूरदूरची कुटुंबे कोपीत राहतात, आणि त्यांतले कोणी वाटेतच जाते. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला आपण जातो, तेव्हा आपणही वळकटी पसरून परक्या अंगणात रात्र काढतो आणि कोणी तरी पाण्याचा तांब्या पुढे करील या भरवशावर असतो. मग आपल्या वेशीपाशी एखादा परका अंतरला, त्याचे नाव-गाव कळले नाही, तर आपल्या कबरस्तानात त्याला साडेतीन हात जागा मिळते का? की 'तो आपल्या धर्मग्रामाचा नव्हता' एवढ्यावर आपण दार लावतो?

दोन नोव्हेंबरला आपण आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतो. कबरस्तानाच्या कडेला क्रूस मोडलेली, पाटी नसलेली, कोणीही न भेटणारी एखादी कबर हटकून असते. यंदा एक मेणबत्ती तिच्यासाठी घरूनच वेगळी काढून न्यावी.